घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

२०२२ च्या मे महिन्यात शिक्षकांच्या एका विज्ञान शिबिराला आम्ही गेलो होतो. मुक्काम शाळेच्याच सभागृहात, सतरंज्यांवर. पहिल्याच रात्री सगळ्यांची झोप उडाली. गणित शिकवणारे एक सर, वय ४७, अंगाने चांगले भरलेले, आडवे झाल्यावर पाच मिनिटांत घोरू लागले. आवाज चढत चढत जाई आणि एकाएकी थांबे. सगळीकडे शांतता. आता झोपावे असे म्हणेपर्यंत हुंदका फुटल्यासारखा मोठा आवाज होई, सरांच्या अंगाला हिसका बसे आणि पुन्हा पहिल्यापासून घोरणे सुरू. झोप येईना, म्हणून आम्ही घड्याळात पाहून त्या शांततेची लांबी मोजू लागलो. १८ सेकंद, २५ सेकंद, एकदा तर ३८. या वेळात सरांची छाती आणि पोट वरखाली होताना दिसत होते, पण नाकातोंडाशी हवेची ये-जा नव्हती.

सकाळी चहाच्या वेळी थट्टा झालीच. "सर, रात्रभर मालगाडी चालवत होतात की!" सरही हसले. म्हणाले, "आमचं घराणंच घोरणाऱ्यांचं. डोकं टेकलं की डाराडूर. झोपेचं सुख आहे बघा आम्हाला." दुपारी भिंगांचे प्रयोग चालू होते तेव्हा हेच सर हातातले भिंग धरूनच पेंगत होते.

रात्रभर डाराडूर झोपलेला माणूस दुपारी पेंगतो कसा? या साध्या प्रश्नात आजच्या लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या रात्री सरांच्या परवानगीने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. करोनाच्या काळात घेतलेला तो शिबिराच्या प्रथमोपचार पेटीत पडून होता. हे उपकरण बोटातून तांबडा आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवते. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन जास्त शोषते. नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा बदल तेवढा वेगळा काढला की धमनीतल्या रक्तात प्राणवायू किती आहे ते कळते. ठोक्याची ही युक्ती जपानमधले अभियंता ताकुओ आओयागी यांची, १९७४ मधली. सरांच्या बोटावरचा आकडा ९६ वरून घसरत ८१ पर्यंत जाई आणि पुन्हा चढे. गंमत म्हणजे आकडा तळाला जाई तो शांततेत नव्हे, तर श्वास परतल्यावर वीसेक सेकंदांनी. फुप्फुसातले रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि उपकरणही काही सेकंदांची सरासरी काढून दाखवते.

आकड्यांचा कागद पाहून सर गप्प झाले. मग एकेक गोष्ट बाहेर आली. तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू, ती एकाची दोन झालेली. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. सकाळी डोके जड. मोटारसायकलवरून शाळेत जाताना दोनदा डोळा लागलेला. घरी कोणी बोलले नाही का, असे विचारले तर म्हणाले, "आमची ही मुलांच्या खोलीत झोपते, सहा वर्षं झाली. माझ्या आवाजानं तिला झोप लागत नाही." म्हणजे या दुखण्याची एकमेव साक्षीदारही उठून गेलेली.

मऊ नळीची अडचण

श्वास अडतो कुठे, ते पाहू. नाकाला हाडांचा आधार आहे. स्वरयंत्राला कूर्चेचा आधार आहे. त्याखालच्या श्वासनलिकेत इंग्रजी सी अक्षरासारखी कूर्चेची कडी एकाखाली एक बसवलेली आहेत, त्यामुळे ती सदैव उघडी राहते. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतचा घसा, असा आहे की त्याच्या भिंतीत ना हाडाचे नळकांडे ना कूर्चेचे. तो मुख्यतः स्नायूंचा आहे. घास गिळताना तो आवळावा लागतो आणि बोलताना त्याचा आकार क्षणोक्षणी बदलतो. ताठ नळीला हे जमले नसते. जागेपणी वीसहून अधिक स्नायू मिळून हा मार्ग उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात.

पुढे काय होते ते वर्गात करून दाखवता येते. उन्हाळ्यात शाळेबाहेर मिळणाऱ्या पेप्सीकोल्याची लांब पातळ पिशवी घ्या आणि धुऊन तिची दोन्ही टोके कापा. प्रत्येक टोकात रिकाम्या स्केचपेनच्या नळीचा तुकडा घालून, पिशवी चुणून, दोऱ्याने घट्ट बांधा. पिशवी हलकेच फुंकून मोकळी करा. आता एका नळीतून हवा ओढा. हळू ओढली तर थोडी हवा येते. जोराने ओढली की पिशवीच्या भिंती फडफडतात, आवाज करतात आणि शेवटी एकमेकींना चिकटतात. मग कितीही जोर लावा, हवा येत नाही. उलट जितके ओढावे तितकी पिशवी घट्ट मिटते. फडफड म्हणजे घोरणे आणि मिटणे म्हणजे श्वासरोध. (इथे बर्नूलीचे नाव घेण्याचा मोह आपल्याला होतो. पण मुख्य कारण त्याहून साधे आहे. आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी झाला आणि भिंत मऊ आहे.) पिशवी तशीच मिटलेली असू द्या आणि दुसऱ्या टोकाने एखाद्या विद्यार्थ्याला हलकेच फुंकायला सांगा. ती लगेच उघडते. प्रयोगाचा हा दुसरा भाग लक्षात ठेवावा, त्याचे काम पुढे आहे.

झोपेत श्वास निदान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. घसा मिटल्यामुळे तो थांबत असेल तर हा अडथळ्याचा स्लीप ॲप्निया. प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, छाती बंद दाराशी झुंजत राहते आणि शेवटी मेंदू काही सेकंद जागा होऊन घशाचे स्नायू ताणतो. हिसका आणि हुंदका म्हणजे हेच. ही जाग इतकी लहान असते की सकाळी तिची आठवण राहत नाही. माणूस शपथेवर सांगतो की मी रात्रभर झोपलो होतो. तासाला असे ३० प्रसंग म्हणजे दर दोन मिनिटांना एक जाग. सात तासांत दोनशेवर. प्रत्येक जागेबरोबर ॲड्रिनलिन उसळते आणि रक्तदाब वर जातो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो, याचा उतरायचे नाव घेत नाही. रात्रीच्या लघवीचेही कारण इथेच सापडते. मिटलेल्या घशातून हवा ओढताना छातीतला दाब फार कमी होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीरात पाणी जास्त झाले असा त्यांचा समज होतो आणि ते लघवी वाढवणारे संप्रेरक सोडतात. माणूस मात्र प्रोस्टेटची चिंता करत बसतो.

वजनाचा संबंध काय? गळ्याभोवती चरबी साठली की ती नळीला बाहेरून दाबते. पोटाची चरबी मध्यपटलाला वर ढकलते. त्यामुळे फुप्फुसे लहान राहतात आणि श्वासनलिका खाली ओढली जाऊन घशाला जो ताण मिळायचा तो ढिला पडतो. आणि चरबी जिभेतही साठते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे दहा टक्के वजन घटवलेल्या ६७ जणांच्या घशाची चुंबकीय चित्रे घेतली. २०२० साली त्यांनी दाखवले की श्वासरोधात झालेल्या सुधारणेचा सर्वांत जवळचा संबंध जिभेतली चरबी घटण्याशी होता.

तरीही हा फक्त जाड माणसांचा आजार नव्हे. जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर सडपातळ माणसालाही तो होतो. शिवाय आपल्याकडे वजनाचा काटा फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले होते. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या वर अधिक वजन आणि २५ पासून स्थूलता मानावी असे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी ठरवले.

हरलेला डाव

चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो. आपल्या कुंभकर्णाप्रमाणे तोही थट्टेचाच विषय. १९५६ साली बोस्टनच्या बर्वेल आणि सहकारी डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली आणि आजाराला पिकविकचे नाव दिले. हा रुग्ण ५१ वर्षांचा, मोठ्या हुद्द्यावरचा, वजन १२० किलोच्या आसपास. दमणूक आणि अतोनात झोप यांनी तो बरेच दिवस बेजार होता. पण तो रुग्णालयात आला तो पत्त्यांमुळे. आठवड्याच्या पोकरच्या डावात त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तो बसल्या जागी झोपी गेला! डाव गेला, आणि काही दिवसांत गृहस्थ दवाखान्यात हजर. डॉक्टरांनी आहार कमी केला, वजन उतरले आणि झोपही कमी झाली.

या हकिगतीचे आम्हाला नेहमी नवल वाटते. शरीर इतक्या परीने सांगत असताना माणूस ऐकत नाही, कारण ते सगळे त्याने स्वभावात जमा केलेले असते: मी आळशी आहे, मी खादाड आहे, आमचे घराणे झोपाळू. दुसरी गोष्ट अशी की त्या डॉक्टरांनीही रुग्णाला दिवसा तपासले, रात्री निजलेला पाहिला नाही. दिवसाच्या झोपेचे कारण रात्रीच्या श्वासात आहे हे १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो आणि जर्मनीत युंग व कूलो यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, झोपलेल्या रुग्णांची नोंद घेऊन दाखवले.

मुंबईतील डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वासाचा दोष आढळला आणि ७.५ टक्क्यांत त्यासोबत दिवसाची झोपही होती. तुमच्या शिक्षकखोलीत पंधरा-वीस पुरुष असतील तर गणित तुम्हीच करा. स्त्रिया या पाहणीत नव्हत्या. त्यांच्यात, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा आजार वाढतो. पण बाई घोरते हे सांगायची घरात सगळ्यांनाच लाज. त्या थकवा सांगतात, झोप लागत नाही म्हणतात, आणि कधी कधी झोपेची गोळी घेऊन परततात. तशा काही गोळ्यांनी आणि दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

"आधी वजन उतरवा"

शिबिरानंतर सर गावातल्या डॉक्टरांकडे गेले. उत्तर मिळाले: "वजन कमी करा, सगळं ठीक होईल." सल्ला खोटा नव्हता, अपुरा होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीतून २००० साली असा अंदाज निघाला की वजन दहा टक्के वाढले तर श्वासरोधाचे प्रसंग ३२ टक्क्यांनी वाढतात, आणि दहा टक्के घटले तर २६ टक्क्यांनी घटतात. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी सरांची निद्राचाचणी झाली. डोके, छाती, पाय, बोट यांना तारा जोडून रात्रभर नोंद घेतात ती ही पॉलिसॉम्नोग्राफी. तासाला ५ पर्यंत प्रसंग चालतात, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. सरांचे निघाले ४८. त्यांनीच हिशेब मांडला: "दहा किलो उतरवले तरी ४८ चे साडेपस्तीस. म्हणजे मी तीव्रातच!"

शिवाय दहा किलो उतरवायचे कसे? अपुऱ्या झोपेने भूक वाढते, गोड आणि तळलेल्याकडे हात जातो आणि संध्याकाळी चालायला जायचे त्राण उरत नाही. वजन श्वास अडवते, आणि अडलेला श्वास वजन उतरू देत नाही. म्हणून आधी वजन, मग उपचार हा क्रम आम्हाला चुकीचा वाटतो. दोन्ही एकदमच हाती घ्यावे लागतात.

आता प्रयोगाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. पूर्वी तीव्र रुग्णांना एकच खात्रीचा उपाय होता, गळ्याखाली श्वासनलिकेला भोक पाडून घशाला वळसा घालणे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे १९८० साली आलेल्या एका रुग्णाला ते नको होते. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून मुखवट्यातून त्याच्या नाकात हलक्या दाबाची हवा सोडली. मिटलेली पिशवी उघडावी तसा घसा उघडला, आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. हेच आजचे सीपॅप यंत्र. दाब किती? पेल्यात १० सेंटीमीटर उंच पाणी घ्या, स्ट्रॉ तळापर्यंत बुडवा आणि फुंका. बुडबुडा सुटायला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच. यंत्रात प्राणवायूची टाकी नसते, खोलीतलीच हवा असते.

यंत्राने वजन उतरत नाही हे स्पष्ट सांगायला हवे. काही जणांचे थोडे वाढतेही. आधीच हृदयविकार असलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत (२०१६) यंत्रामुळे हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मात्र तिथले रुग्ण रात्री सरासरी ३.३ तासच ते लावत होते. दिवसाची झोप आणि मनाची मरगळ कमी झाली, एवढे त्या चाचणीतही दिसले. सौम्य आजारात कुशीवर झोपण्याने किंवा दंतवैद्याने बनवलेल्या, जबडा पुढे धरणाऱ्या पट्टीने भागू शकते. अतिस्थूल माणसासाठी जठराची शस्त्रक्रिया आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिर्झेपटाइड या आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनाला स्थूल प्रौढांतील मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता दिली. ते महाग आहे, मळमळ होते आणि थांबवले की वजन बहुधा परत येते. डॉक्टरांवाचून ते घेऊ नये. डॉक्टरांकडे जाताना सोबत रात्रीचा साक्षीदार न्यावा, किंवा मोबाइलवर दहा मिनिटांच्या घोरण्याची नोंद तरी न्यावी. बोटावरचा ऑक्सिमीटर इशारा देतो, पण त्याने आजार नाही असे ठरत नाही.

मागच्या बाकावरचा मुलगा

मोठी माणसे झोप कमी झाली की पेंगतात, मुले बरेचदा उलट वागतात. ती चुळबुळ करतात, चिडतात, त्यांचे लक्ष टिकत नाही. मुलांत मुख्य कारण टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी. स्थूल मुलांत वजनही. डेव्हिड गोझल यांनी अमेरिकेत पहिलीच्या वर्गातली, अभ्यासात अगदी तळाच्या दहा टक्क्यांत असलेली २९७ मुले तपासली. त्यांतल्या ५४ मुलांचा श्वास झोपेत बिघडत होता. २४ जणांची शस्त्रक्रिया झाली, ३० जणांच्या पालकांनी नकार दिला. पुढच्या वर्षी पहिल्या गटाचे गुण वाढले, दुसऱ्याचे जिथे होते तिथेच राहिले (१९९८). पुढे २०१३ साली आलेल्या अधिक काटेकोर चाचणीत लक्ष देण्याच्या कसोट्यांत शस्त्रक्रियेने विशेष फरक पडला नाही, पण झोप आणि वागणूक सुधारली. आणि शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांचा श्वास सात महिन्यांत आपोआप ठीक झाला. म्हणजे घोरणाऱ्या प्रत्येक मुलाचे टॉन्सिल काढायचे नाहीत. पण तोंड उघडे ठेवून श्वास घेणारा, वर्गात डुलणारा किंवा सतत वळवळणारा मुलगा असेल तर पालकसभेत "अभ्यास घेत जा" म्हणण्याआधी "रात्री घोरतो का?" हे विचारायला आपल्याला अर्धा मिनिट लागतो.

आमच्या गणिताच्या सरांना ११ सेंटीमीटर दाब लागला. पहिला आठवडा त्यांनी मुखवटा झोपेत काढून फेकला. नाक कोरडे पडे, घरची मुले हत्ती म्हणून हसत. मुखवटा बदलून घेतला, हवा दमट करणारे भांडे जोडले, तेव्हा जमले. यंत्र लावून प्रसंग तासाला चारवर आले. महिन्याभरात रात्रीचे उठणे एकदावर आले आणि संध्याकाळी ते चालायला जाऊ लागले. वर्षभरात ९८ किलोंचे ९१ झाले. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एकीची मात्रा डॉक्टरांनी कमी केली. गावात वीज गेली की यंत्र बंद पडते, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर घेतला आहे. वजन बदलले की दाब पुन्हा ठरवावा लागतो, तेव्हा आणखी पाच किलो उतरल्यावर ते दुसरी निद्राचाचणी करून घेणार आहेत.